गाडीचा वॉटर पंप : पाणी नुसतं भरून चालत नाही, ते फिरावं लागतं



'उष्णता' हे प्रकरण मी कितीतरी वर्षं शिकवतोय. विशिष्ट उष्माधारकता, अभिसरण, अप्रकट उष्मा, सगळ्या व्याख्या तोंडपाठ. पण गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाटात या प्रकरणाची तोंडी परीक्षा झाली आणि तुमचे सर त्यात नापास झाले. कसे, ते आधी सांगतो. मग धडा.

पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडीत सौ., दोन्ही मुलं आणि दाजी. दुपारची वेळ, एसी चालू, डिकीत सामान गच्च. निम्मा घाट चढलो आणि तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर सरकायला लागला. मी मनात म्हटलं, घाट आहे, चढ संपला की उतरेल. काटा काही उतरला नाही. लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी कडेला घेतली. दाजी उतरले, हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण उघडायला वाकले. तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर जोरात ओरडला, "ओ पाव्हणं, हात लावू नका त्याला! तोंड भाजंल!"

त्या माणसामुळे दाजींचा चेहरा वाचला. गाडी टोचन करून घाटापलीकडच्या एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने तपासलं, पंप खोलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सर, पाणी भरलेलं होतं की. पण त्याला फिरवणारं कोणी राहिलं नव्हतं."

आजचा धडा या एका वाक्यावर आहे.

इंजिनाला पाणी लागतंच कशाला?

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा सिलिंडरमधल्या वायूंचं तापमान काही क्षण २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. इंजिनाचे बरेच भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर इंजिन स्वतःच्याच आगीत खराब होणार.

जळलेल्या इंधनातली सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ मानाने तीन वाटे करा. एक वाटा गाडी ओढायला लागतो, एक वाटा सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर जातो आणि उरलेला वाटा इंजिनाच्या धातूत शिरतो. हा तिसरा वाटा बाहेर काढायचं काम पाण्याचं. जुन्या स्कूटर किंवा बुलेटच्या इंजिनावर पातळ पत्र्यांसारख्या कडा दिसतात ना, तिथे हे काम वारा करतो. कारच्या मोठ्या इंजिनाला तेवढ्या वाऱ्याने भागत नाही.

पण पाणीच का? कारण पाण्याची विशिष्ट उष्माधारकता खूप जास्त आहे. १ किलो पाण्याचं तापमान १ अंशाने वाढवायला ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे पाणी भरपूर उष्णता पोटात घेतं आणि स्वतः मात्र हळूहळू तापतं.

फळ्यावरचा हिशेब

वही घ्या. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३२,००० किलोज्यूल ऊर्जा मिळते. त्यातली ३० टक्के पाण्याकडे गेली असं धरू. झाले ९,६०० किलोज्यूल.

लहान गाडीत साधारण ५ लिटर पाणी असतं. ते ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला किती उष्णता लागेल?

५ × ४.१८ × ७० = १,४६३ किलोज्यूल.

गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असं समजा. मग १,४६३ किलोज्यूल उष्णता किती अंतरात तयार होईल? १५ × १,४६३ ÷ ९,६०० = जवळजवळ २.३ किलोमीटर.

बघा, म्हणजे ही उष्णता बाहेर टाकली नाही तर थंड पाणीसुद्धा दोन-अडीच किलोमीटरांत उकळीला येईल! हा हिशेब अगदी ढोबळ आहे. इंजिनाचा धातूही थोडी उष्णता घेतो, ती आपण धरलेली नाही. पण उलट बाजूही पाहा. चालत्या गाडीतलं पाणी ३० अंशांवर नसतं, ते आधीच ९० अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे पाणी फिरायचं थांबलं तर हातात फार थोडा वेळ उरतो. घाटात तर इंधन जास्त जळतं, म्हणजे आणखी कमी.

पाण्याची फेरी

पंप पाणी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. तिथे सिलिंडरच्या भोवती पोकळ वाटा केलेल्या असतात. त्यातून पाणी वर हेडमध्ये जातं. तापलेलं पाणी मग थर्मोस्टॅटपाशी येतं. थर्मोस्टॅट म्हणजे उष्णतेने उघडणारा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद असतो आणि पाणी आतल्या आतच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ९० अंशांना दरवाजा उघडायला लागतो. मग पाणी रबरी होज पाइपमधून रेडिएटरमध्ये जातं. तिथल्या बारीक नळ्यांवरून वारा वाहतो, पाणी निवतं आणि पुन्हा पंपाकडे येतं. अशा कित्येक फेऱ्या दर मिनिटाला होतात.

कोणी हुशार विद्यार्थी विचारेल, "सर, गरम पाणी आपोआप वर जातं आणि थंड खाली येतं. मग पंप हवाच कशाला?" प्रश्न बरोबर आहे. याला अभिसरण म्हणतात. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' या प्रसिद्ध गाडीत, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या, तर पंप नव्हताच. नुसत्या अभिसरणावर पाणी फिरायचं. पण त्या इंजिनाची ताकद होती सुमारे २० हॉर्सपॉवर. आजच्या लहान कारची ताकदही त्याच्या तिप्पट-चौपट असते. एवढी उष्णता आपोआप होणाऱ्या अभिसरणाला पेलवत नाही. पाण्याला ढकलणारं कोणीतरी लागतं.

पंप चालतो कसा?

पावसात भिजलेली छत्री गोल फिरवली की थेंब कडेने बाहेर उडतात. वॉटर पंपाचं तत्त्व तेच. पंपाच्या आत पात्यांचा एक छोटा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. पाणी त्याच्या मध्यभागी येतं, पाती ते फिरवत कडेला फेकतात आणि पाणी जोराने बाहेर पडतं. मध्यभागी दाब कमी होतो, म्हणून मागचं पाणी आत ओढलं जातं. हा अपकेंद्री पंप.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी हा पंप पाहिलेला आहे. विहिरीवरची मोटर अशीच असते. तिच्यात हवा धरली की मोटर गरगर फिरते, पण पाणी काही येत नाही. मग वडील पंपात पाणी ओतून हवा काढतात. गाडीच्या पंपालाही हाच नियम लागू आहे. पाइपांत हवा अडकली तर तो नुसताच फिरतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पंपाचे मुख्य भाग पाच :

१. बाहेरचं धातूचं घर
२. इम्पेलर
३. शाफ्ट, म्हणजे इम्पेलरचा दांडा
४. बेअरिंग, ज्यावर दांडा सहज फिरतो
५. सील, जे पाणी बेअरिंगपर्यंत येऊ देत नाही

बहुतेक गाड्यांत इंजिनच पंपाला फिरवतं. कुठे बाहेरच्या बेल्टने, ज्याला आपल्याकडे सरसकट फॅन बेल्ट म्हणतात; कुठे आतल्या टायमिंग बेल्टने किंवा चेनने. काही नव्या आणि हायब्रिड गाड्यांत विजेवर चालणारा पंप असतो. इलेक्ट्रिक कारमध्ये इंजिन नसलं तरी बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला बहुधा असाच पंप लागतो.

झाकण का उघडायचं नाही?

आता दाजींच्या रुमालाकडे येऊ. रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच समजा. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढ्या बारने जास्त दाब झाल्यावर झाकणातली स्प्रिंग उघडते. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक वाढतो, हे तुम्ही शिकलाय. दाब दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. म्हणून तापलेल्या रेडिएटरमध्ये ११० अंशांचं पाणीही न उकळता शांत बसलेलं असू शकतं.

झाकण उघडलं की दाब एकदम जातो. उत्कलनांक खटकन १०० वर येतो आणि आतलं ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उसळून उकळतं. वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. त्यातही वाफ जास्त वाईट. १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो आणि तो सगळा कातडीत शिरतो. रुमाल इथे काहीही करू शकत नाही.

काही गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतं, दाबाचं झाकण बाटलीवरच असतं. त्यालाही हाच नियम.

पंप बिघडतो का?

माझंच उदाहरण घ्या. दोन महिने बाटलीतली पातळी कमी होत होती. मी दर आठवड्याला घरच्या बोअरिंगचं पाणी ओतून मोकळा व्हायचो. पाणी जातंय कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला!

गाडीत साधं पाणी नाही, कूलंट घालतात. बहुतेक कूलंट म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांचं मिश्रण. त्याची उष्माधारकता साध्या पाण्यापेक्षा थोडी कमीच असते, मग ते का वापरायचं? तीन कारणं. अर्धं-अर्धं मिश्रण साध्या दाबालाही साधारण १०७ अंशांना उकळतं. लेहसारख्या ठिकाणी थंडीत ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात.

मी बोअरिंगचं पाणी ओतत गेलो, तशी ही रसायनं पातळ होत गेली. बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार आत बसले, जसे बंबात आणि गीझरमध्ये बसतात. क्षारांच्या कणांनी सील घासलं. सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, बेअरिंग ढिलं झालं, दांडा डुगडुगायला लागला. आणि इम्पेलरची पाती गंजून झिजली. मेकॅनिकने हातात दिलेल्या पंपाची पाती उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी दिसत होती. पंखा फिरत होता, पण पाण्याला ढकलायला पातंच उरलं नव्हतं.

आणखी दोन कारणं. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणून बसवला तर बेअरिंगवर जोर येऊन ते लवकर जातं. बेल्ट सैल किंवा चिरलेला असेल तर तो घसरतो आणि पंप कमी फिरतो. काही पंपांत इम्पेलर प्लॅस्टिकचा असतो. तो तडकला की दांडा फिरतो, पण पंखा जागेवरच राहतो.

पंप आधीच सांगत असतो

बहुतेक वेळा पंप अचानक जात नाही. आधी खुणा देतो :

• पातळी कमी होणं. बंद व्यवस्थेतलं पाणी वरचेवर कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. गळती शोधा.

• गाडीखाली रंगीत थेंब. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, पण ते स्वच्छ, बिनरंगी असतं. हिरवा, गुलाबी किंवा निळा थेंब दिसला, हाताला किंचित बुळबुळीत लागला, तर ते कूलंट.

• पंपाखाली वाळलेला डाग. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला बारीक छिद्र असतं. सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये साठू नये म्हणून ते या छिद्रातून बाहेर येतं. तिथे रंगीत किंवा पांढरट खपली दिसली तर पंपाचे दिवस भरत आले. हे छिद्र एम-सील लावून बुजवू नका. तो आजार नाही, तो निरोप आहे.

• घरघर किंवा किरकिर. इंजिनाच्या बेल्टच्या बाजूने आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो.

• पुली डुगडुगणं. इंजिन बंद आणि थंड असताना पंपाची पुली हाताने हलवून पाहावी. ती खालीवर हलता कामा नये.

• काटा वर जाणं. ही शेवटची सूचना.

मात्र काटा वर गेला म्हणजे पंपच गेला असं नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की निवते, असं असेल तर आधी रेडिएटरचा पंखा तपासा. चढावर, भरधाव चालतानाही तापत असेल, तर पंप, थर्मोस्टॅट किंवा चोंदलेला रेडिएटर. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून थंड हवा येत असेल, तर पाणी कमी आहे किंवा फिरत नाही.

काळजी कशी घ्यायची?

महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, बाटलीतली पातळी पाहा. ती खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये हवी. कूलंट गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला. नुसता रंग सारखा आहे म्हणून वेगळं कूलंट मिसळू नका; रंग कंपनीगणिक बदलतो. घट्ट कूलंट विकत घेतलं तर ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचं, नळाच्या नाही. तयार मिश्रण मिळतं, त्यात पाणी घालायचं नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला सगळं कूलंट बदला, कारण गंज रोखणारी रसायनं वापराने संपतात. सर्व्हिसिंगच्या वेळी बेल्ट आणि होज पाइप दाखवून घ्या.

एक धोक्याची गोष्ट. इथिलीन ग्लायकोल विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. गाडीखाली सांडलेलं कूलंट कुत्रं, मांजर चाटतं आणि मरतं. सांडलं तर लगेच पुसा. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर ते कधीच भरून ठेवू नका.

पंप बदलताना

हे काम मेकॅनिकचं, पण तो काय करतो हे मालकाला कळलं पाहिजे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर कूलंट घमेल्यात किंवा टबात काढून घेतात. बेल्ट आणि पुली काढतात, मग पंपाचे बोल्ट. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून जागा अगदी स्वच्छ करतात. इथे आळस केला की नवा पंपही गळतो. नवीन गॅस्केट लावून पंप बसवतात आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत नेतात, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. बेल्ट योग्य ताणावर चढवतात, नवं कूलंट भरतात.

आणि मग हवा काढतात. आठवली ना विहिरीवरची मोटर? इंजिन चालू ठेवून बुडबुडे निघू देतात, पातळी पुन्हा भरतात. ही पायरी चुकली तर नवा पंप बसवूनही गाडी तापते आणि मालक बिचारा पंपाला दोष देतो.

पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट बदलतानाच पंपही बदलून घ्यावा. दोन्हींसाठी खोलाखोली तीच असते. जुना पंप ठेवला आणि तो पुढे सहा महिन्यांनी गेला, तर सगळी मजुरी पुन्हा. शिवाय पंप अडकून बेल्ट तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

रस्त्यात गाडी तापली तर

१. एसी बंद करा. थांबायला जागा नसेल तर तेवढ्यापुरता हीटर पूर्ण गरमवर ठेवा, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो.
२. गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा, चारही दिवे लुकलुकते ठेवा.
३. वाफ दिसत असेल तर बॉनेटलाही हात लावू नका.
४. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकण हाताला गार लागल्याशिवाय उघडू नका. उघडताना जाड कापड ठेवा, तोंड लांब ठेवा.
५. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. धातू झटकन आकुंचन पावून तडा जाऊ शकतो.
६. बेल्ट तुटला असेल किंवा पंप गेला असेल, तर पाणी भरून पुढे जाऊ नका. टोचन करा.
७. कोणी भाजलंच, तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं गार पाणी वाहू द्या. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. मग डॉक्टरकडे.

"अजून दोन किलोमीटर, मग गॅरेज येईल" हा विचार सगळ्यात महाग पडतो. इंजिन अति तापलं की हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, शेवटी पिस्टन अडकून इंजिन सीझ होतं. आमच्या गाडीचं हेड थोडक्यात वाचलं, कारण काटा लाल रेघेला टेकताच थांबलो. मुळात तो मधून सरकला तेव्हाच थांबायला हवं होतं.

मित्रांनो, त्या दिवशी मी व्याख्येत चुकलो नव्हतो. पातळी कमी होतेय हे दिसत असूनही 'का?' विचारायचं राहून गेलं होतं. तुम्ही ते विसरू नका. तो जुना पंप मी मागून घेतलाय, शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलाय. येऊन बघा, हातात घ्या.

सरावासाठी

१. लिटरला २० किलोमीटर जाणारी गाडी घेऊन वरचा हिशेब पुन्हा करा. अंतर किती येतं?
२. प्रेशर कुकर आणि रेडिएटरचं झाकण यांतलं एक साम्य आणि एक फरक लिहा.
३. पाणी पूर्ण भरलेलं असूनही इंजिन तापण्याची तीन कारणं सांगा.
४. कृती : घरच्या किंवा शेजारच्या गाडीतली कूलंटची पातळी सकाळी, मोठ्या माणसांसमोर, बाहेरूनच पाहा आणि तारीख लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा पाहा. फरक पडला असेल तर घरी नक्की सांगा.